दुसऱ्या भेटीत कळतं

लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा माझ्याजवळ एमबीबीएसची पदवी होती, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातला दोन वर्षांचा अनुभव होता आणि तमिळचे जेमतेम दहा शब्द होते. सासर तंजावरी मराठी. घरात मराठीच बोलतात, पण सासूबाई ती तमिळ लिपीत लिहीत, अगदी वाण्याची यादीसुद्धा. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या या गावात दवाखाना थाटून आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात दवाखाना चालवता चालवता वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा फॅमिली मेडिसिनचा दोन वर्षांचा दूरशिक्षण अभ्यासक्रम केला. तो २००६ साली सुरू झालेला. आपलं गाव न सोडता शिकता येतं, हे त्याचं मोठेपण.

गेली दहा-बारा वर्षं तरुण डॉक्टर माझ्याकडे येऊन बसतात. कुणी महिनाभर, कुणी सहा महिने. कुणाला मनापासून खेड्यात जायचं असतं, कुणाला सरकारी सेवेच्या बॉण्डमुळे जावं लागणार असतं. पुस्तकातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. पुस्तकात नसलेलं जे मी त्यांना सांगते, ते इथे लिहिते आहे.

१. आधी माणसाचा शब्द शिका, मग रोगाचं नाव

तिरुभुवनम हे जवळचं रेशीम विणकरांचं गाव. तिथली पन्नाशीची एक बाई आली आणि म्हणाली, "डॉक्टरम्मा, मयक्कम येतं." मयक्कम म्हणजे चक्कर, असं मी शिकले होते. कानाच्या चक्करीची गोळी दिली. आठवड्यानं ती परत आली, तक्रार तीच. मी गोळी बदलली. तिसऱ्या खेपेला ती आलीच नाही. तिची मुलगी आली. आई मागाशेजारी पडली, कपाळाला चार टाके पडले, म्हणाली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. फळीवर देवीच्या तसबिरीमागे मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी होती, दुसरीकडून आणलेली. बाईंचा शुक्रवारचा उपास कडक, दुपारपर्यंत पाणीसुद्धा नाही. पण साखर वाढू नये म्हणून गोळी मात्र सकाळीच, न चुकता. तिन्ही वेळा तिला मयक्कम आलं होतं ते शुक्रवारीच. मयक्कम या एका शब्दात चक्कर, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांतली ताकद जाणं, शुद्ध हरपणं, एवढं सगळं येतं. मी त्यातला एकच अर्थ उचलला होता आणि तिची साखर न तपासता दोनदा औषध दिलं होतं. ती चूक मी अजून विसरलेले नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला पहिल्या दिवशी एक साधी वही देते. प्रत्येक पेशंटच्या पानावर पहिली ओळ पेशंटची, त्याच्याच शब्दांत. भाषांतर नको, 'गिडीनेस' नको. मयक्कम म्हणाला तर मयक्कम. सूडु म्हणाला तर सूडु. ही अंगातली उष्णता थर्मामीटरला सापडत नाही, पण लघवीच्या जळजळीपासून तोंड येण्यापर्यंत बरंच काही तिच्या पोटात असतं. यवतमाळला माणसं 'जीव घाबरतो' म्हणायची. तेव्हाही त्याचे अर्थ मला घरोघरी जाऊनच कळले होते.

२. आठवड्यानं त्याच दारात उभे राहा

सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं. इस्पितळात शिकलेल्या डॉक्टरला पेशंट एकदाच दिसतो. तो वॉर्डात येतो, बरा होतो किंवा होत नाही, आणि जातो. पुढे काय झालं ते विद्यार्थ्याला कधीच कळत नाही, त्यामुळे आपलं निदान बरोबर होतं की चूक, हेही कळत नाही. चांगला फॅमिली डॉक्टर दुसऱ्या भेटीत घडतो, कारण पहिल्या भेटीतली चूक तिथे समोर येते.

माझा नियम असा: वहीतल्या पेशंटांपैकी दोघांच्या घरी दर आठवड्याला जायचं. स्टेथोस्कोप पिशवीत ठेवायचा. दिलेली कॉफी प्यायची. पाणी कुठून येतं, चूल कुठे आहे, संडासाला जायला किती पायऱ्या उतराव्या लागतात, गोळ्या कुठे ठेवल्या आहेत, हे बघायचं. आणि घरात बोलतं कोण, गप्प कोण, तेही.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाला स्वामीमलैच्या एका म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर कोड्यात टाकत होतं. स्वामीमलै म्हणजे पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांचं गाव. औषध योग्य, मात्रा योग्य, आजोबा शपथेवर सांगायचे की रोज घेतो. घरी गेल्यावर उलगडलं. भावाची विधवा बायको त्यांच्याच घरी राहायची, तिलाही ब्लडप्रेशर होतं, पण गुडघ्यांमुळे तिला इस्पितळापर्यंत जाता येत नव्हतं. एका पट्टीतल्या गोळ्या दोघं वाटून घेत होती, एक दिवस हे, एक दिवस ती. तमिळनाडू सरकारनं ५ ऑगस्ट २०२१ पासून 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' ही योजना सुरू केली आहे. मक्कळै तेडि मरुत्तुवम म्हणजे लोकांना शोधत येणारं औषधपाणी. ब्लडप्रेशर आणि मधुमेहाची औषधं त्यात दारात येतात. त्या आजींचं नाव त्या यादीत घालून घ्यायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं सापडायला मात्र त्या घराचा ओटा गाठावा लागला.

३. सगळा माणूस तपासा

ऐप्पसी-कार्तिगै या तमिळ महिन्यांतला पाऊस पडून गेला की आमच्याकडे तापाचे पेशंट वाढतात. भातलावणीची एक मजूर बाई पाच दिवसांचा ताप घेऊन आली. माझ्याकडच्या तरुण डॉक्टरनं नाडी, छाती, पोट पाहिलं, डेंग्यूची तपासणी केली, ती नकारार्थी आली. तो तिला वेदनाशामक देऊन घरी पाठवणार होता. आमच्या नर्सनं तिला पडद्याआड नेलं आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन सांगितलं, डाव्या स्तनाखाली काळी खपली आहे. स्क्रब टायफस. गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चावण्यानं होणारा हा ताप. खपली सिगारेटच्या चटक्यासारखी असते, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. आणि काख, जांघ, स्तनाखालची घडी अशा जागी असते, म्हणून डॉक्टर बघत नाही. डॉक्सीसायक्लिननं दोन दिवसांत ताप उतरला. उशीर झाला असता तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धोक्यात आली असती.

त्या मुलाला बाईला विचारायचा संकोच वाटला होता. संकोच वाटणं चांगलंच आहे. त्यासाठीच पडदा लागतो, सोबत बाई लागते आणि 'का बघायचं आहे' हे सांगणारं एक वाक्य पेशंटच्या भाषेत यावं लागतं. हे तिन्ही नसतील, तर तो दवाखाना बायकांसाठी अर्धाच उघडा आहे.

४. तोंडात बॅटरी मारून बघा

कुंभकोणमचं विड्याचं पान नावाजलेलं. पानाबरोबर तंबाखू खाणारे इथे घराघरात आहेत, म्हणून तोंडाच्या कर्करोगाची खूण शोधायची. कुठल्याही तक्रारीसाठी आलेला असो, जीभ उचलून, गालाच्या आतून बघा. वीस सेकंद लागतात.

५. जुनी कहाणी विचारा

सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर रामानुजन यांचं घर आहे. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी तिथे नेते. गणितासाठी लोक जातात, मी त्यांच्या दुखण्यासाठी नेते. १९१० मध्ये त्यांच्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया करायची होती, घरात पैसे नव्हते. एका डॉक्टरनं ती फुकट करून दिली. हत्तीरोगाच्या या पट्ट्यात अंडवृद्धी तेव्हा घरोघरची. पुढे इंग्लंडमध्ये त्यांची तब्येत ढासळली, सॅनेटोरियममध्ये ठेवून क्षयाचे उपचार झाले आणि १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग या डॉक्टरांनी सगळे कागद पुन्हा तपासले आणि मत मांडलं की तो बहुधा यकृतातला अमिबाचा आजार असावा. रामानुजनना मद्रासला असताना आमांशानं गाठलं होतं. तो धागा हाती लागला असता तर उपचार त्या काळीही होता.

शंभर वर्षांनंतर खात्रीनं कुणीच काही सांगू शकत नाही. पण 'दहा वर्षांपूर्वी पोटाचं काय झालं होतं?' हा प्रश्न गावचा डॉक्टर सहज विचारू शकतो, कारण त्याला ते घर माहीत असतं. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाला तो सुचणं कठीण.

६. पाठवायचं तर नीट पाठवा

'पुढील उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात', अशा एका ओळीच्या चिठ्ठ्या मी आयुष्यात शेकड्यांनी पाहिल्या. इंटर्न असताना स्वतःही लिहिल्या. त्या ओळीचा पेशंटला काय अर्थ? चाळीस किलोमीटरवर तंजावर, बसचं भाडं, सोबतच्याची बुडालेली मजुरी, आणि तिथे गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणं. वेल्लोरच्या शिक्षणाचा सांगावाच असा होता की पाठवा कमी, बरं करा जास्त. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला पाठवायला हवं त्याला अर्धा तासही अडवू नका.

सर्पदंश हे त्याचं उत्तम उदाहरण. यवतमाळची घोणस ती इथली कण्णाडि विरियन. आपली मण्यार ती कट्टु विरियन. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार रात्री चावते, दंश धड दिसतही नाही. पहाटे पोटदुखी सुरू होते आणि पापण्या जड होतात. हे ज्याला माहीत नाही तो पोटदुखीचं इंजेक्शन देऊन बसतो. घोणशीसाठी माझ्याकडे एक चाचणी प्रत्येकाला हातानं करावी लागते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायचं. रक्त पातळच राहिलं तर विष चढलं आहे. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणानं धुतलेलीही नाही, चाचणी फसते. सापाच्या विषावरची लस जवळ असेल तर आधी ती सुरू करायची, मग गाडीत घालायचं. चिठ्ठीवर चावल्याची वेळ, चाचणीची वेळ, दिलेल्या लशीच्या बाटल्या लिहायच्या, आणि गाडी निघाली की तिथल्या डॉक्टरला फोन करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तीही दुसरी भेटच.

७. नर्सला गुरू माना

तिसऱ्या मुद्द्यातली खपली नर्सनं शोधली, ते उगीच नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या अशिक्षित बायांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला तयार केलं; १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निष्कर्ष आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. माझ्याकडचा प्रत्येक डॉक्टर पहिला आठवडा माझ्या शेजारी बसत नाही. तो ग्राम आरोग्य नर्सच्या मागे चालतो. तक्रार करणारेही निघतात. आठवड्यानंतर ती थांबते.

८. आपल्या शिक्षणात काय राहून गेलं ते ओळखा

सर जोसेफ भोर जन्मानं नाशिकचे, आयसीएस झाले ते मद्रास इलाख्यात. १९४६ साली त्यांच्या समितीनं आपल्या देशाला सांगितलं की आपल्याला खेड्यापाड्यात काम करू शकेल असा पायाभूत डॉक्टर हवा, आणि चाळीस हजार वस्तीमागे एक आरोग्य केंद्र हवं. केंद्रं उभी राहिली. डॉक्टर मात्र आपण घडवला तो तज्ज्ञांच्या हाताखाली. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत मला एकही फॅमिली डॉक्टर शिकवायला नव्हता. हृदयाचे, मेंदूचे, सांध्यांचे होते. मग विद्यार्थ्याला वाटतं की तज्ज्ञ होणं म्हणजे पुढे जाणं आणि गावात राहणं म्हणजे मागे पडणं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे राहते. आता राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं सगळ्याच विद्यार्थ्यांना कुटुंबं दत्तक दिली आहेत. मला याची आशा वाटते. पण कुटुंब फॉर्मवर दत्तक घेतलं आणि दुसऱ्यांदा कुणी त्याच्या घरी गेलंच नाही, तर काहीच बदलणार नाही.

९. घर, शाळा, शेजार

गळणारं क्वार्टर, नवऱ्याला किंवा बायकोला काम नाही, मुलांना बरी शाळा नाही, रात्री दारावर थाप पडली की एकटंच. डॉक्टर यामुळे जातात. सेवाभावावर व्याख्यानं देण्याआधी छप्पर नीट करा.

१०. 'येतो' म्हणा

तमिळमध्ये निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत. 'पोयिट्टु वरेन' म्हणतात, जाऊन येतो. आपणही 'येतो'च म्हणतो. माझ्या दवाखान्यातून उठताना प्रत्येक पेशंट हेच म्हणतो, आणि माझ्याकडच्या मुलांना मी सांगते की तुम्हीही त्याला तारीख सांगून हेच म्हणा.

तीन वर्षांपूर्वी नंदुरबारकडचा एक मुलगा माझ्याकडे चार महिने होता. सुरुवातीला मयक्कम शब्दाशी माझ्याइतकाच झगडला. आता तो अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर काम करतो. परवा त्यानं वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. पहिल्या ओळीत पेशंटचा शब्द होता, तिकडच्या बोलीतला, मला न कळणारा. त्यापुढे त्यानं प्रश्नचिन्ह काढलं होतं. खाली पाड्याचं नाव, आणि पुढच्या मंगळवारची तारीख.