बर्फावर घसरण्याची फळी

आपल्या पुणें शहरांत बर्फ पडत नाहीं. पौष-माघांतील कडक थंडींतही मुळा-मुठेचें पाणी गोठत नाहीं. मग बर्फावर घसरण्याच्या फळ्यांविषयीं लेख लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, हिमालयाची ओढ पुणेकरांस नवी नाहीं. येथील गिरिप्रेमी संस्थेचें पथक २०१२ सालीं एव्हरेस्टच्या शिखरावर जाऊन आलें. गुलमर्ग व औली येथील उतारांवर घसरण्याची कला शिकावयास आपल्याकडील तरुणही जातात. शिवाय ही फळी म्हणजे सुतारकाम व पदार्थविज्ञान ह्या दोहोंचा एकत्र धडा आहे, आणि तो धडा गिरविण्यास बर्फाची मुळींच गरज नाहीं.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. दोन्ही पायांना बांधावयाच्या दोन लांब, अरुंद फळ्या असतात, त्यांस स्की म्हणतात. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे ठेवून घसरावयाचें असेल, तर त्या फळीस स्नोबोर्ड म्हणतात. स्की फार प्राचीन आहे. स्वीडन देशांत सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींची लांकडी स्की सांपडली आहे. तेव्हां ती खेळाची वस्तु नव्हती. बर्फांत न रुततां शिकारीस किंवा शेजारच्या गांवीं जाण्याचें तें साधन होतें.

ह्या साधनास आजचें रूप येण्यास नॉर्वेंतील एक गरीब कूळ कारण झालें. टेलेमार्क प्रांतांतील मॉर्गेदाल येथें सोंद्रे नॉरहाइम हा मनुष्य १८२५ सालीं जन्मला. तो आपल्या स्की स्वतःच्या हातांनींच घडवी. त्यानें फळीची कंबर बारीक ठेवली व दोन्ही टोंकें रुंद केलीं. अशी फळी बाजूवर कलती केली म्हणजे तिची कड बर्फावर कमानीसारखी टेंकते आणि फळी आपोआप वळण घेते. १८६८ सालीं राजधानींतील शर्यतींत त्यानें हें कौशल्य दाखविलें, तेव्हां पाहणारे थक्क झाले. डमरूच्या आकाराची ती कंबर आजही बहुतेक स्कींना असते.

परंतु अखंड लांकडाच्या फळींत एक मोठा दोष होता. ती जाड ठेवावी तर जड व ताठ होई. पातळ करावी तर मोडे. ओल लागली म्हणजे ती पिळवटे ती निराळीच. ह्यावर १९३२ च्या सुमारास नॉर्वेंत व अमेरिकेंतील सिएटल शहरांत उपाय निघाला. लांकडाचे तीन थर, दुधांतील केसीनपासून केलेल्या व पाण्यास न जुमानणाऱ्या सरसानें चिकटवून, त्यांची एक फळी करूं लागले. नॉर्वेंतील फळीस ‘स्प्लिटकाइन’ असें नांव मिळालें. त्याचा अर्थ चिरलेला वेत किंवा बांबू. म्हणजे आमच्या बुरूड आळींत रोज जें काम चालतें, त्याच्याच नांवानें जगांतील एक नामांकित स्की ओळखली गेली.

थर चिकटविल्यानें एवढा फरक कां पडावा? हें प्रयोगानेंच कळेल. बांबूच्या तीन सारख्या कामट्या आणाव्या. प्रत्येक कामटी ६० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड असावी, आणि रंध्यानें ती दोन्ही अंगांनीं सपाट करून घ्यावी. दोन स्टुलें ५० सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्यांवर तिन्ही कामट्या एकीवर एक, सुट्याच ठेवाव्या. मध्यभागीं पिशवी टांगून तींत दोन किलो वजन घालावें आणि कामट्या किती खालीं वांकल्या तें पट्टीनें मोजून लिहावें. टोंकांकडे नीट पाहिल्यास कामट्या एकमेकींवरून किंचित् सरकलेल्या दिसतील. आतां त्याच कामट्यांना सुताराचा पांढरा गोंद सर्वत्र सारखा लावून, त्या शिकंज्यांत घट्ट आवळून चोवीस तास ठेवाव्या. दुसऱ्या दिवशीं तेंच वजन पुनः टांगावें. सांधा चांगला जमला असेल, तर वांक पहिल्याच्या सुमारें एक-नवमांश भरेल.

ह्याचें कारण गणितांत आहे. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. तीन सुट्या कामट्यांचा ताठपणा एकीच्या तिप्पट; पण त्याच तिघी एकजीव झाल्या कीं जाडी तिप्पट, म्हणून ताठपणा सत्तावीसपट. वजन तेंच, बांबू तोच. नऊपट ताठपणा आला तो गोंदाच्या पापुद्र्यामुळें. त्या पापुद्र्यानें कामट्यांस एकमेकींवरून सरकूं दिलें नाहीं. आणखी एक गंमत करून पाहावी. दुसऱ्या तीन कामट्या गोंद ओला असतांना एखाद्या कमानदार ठोकळ्यावर दाबून बांधाव्या. वाळल्यावर सोडल्या, तरी त्यांचा बाक बहुतेक कायम राहतो. स्कीला जो वर उचललेला मध्यभाग असतो, तो ह्याच युक्तीनें आणितात. मनुष्य वर उभा राहिला म्हणजे तो बाक दबतो आणि वजन टोंकांपर्यंत सारखें पोंचतें.

आतां थंड देशांतील हौशी कारागीर घरच्या कारखान्यांत पूर्ण फळी कशी घडवितात तें सांगतों. प्रथम कागदावर खऱ्या मापाचा आराखडा काढितात. स्की बहुधा १६० ते १८० सेंटिमीटर लांब असते. मग प्लायवुडचे तुकडे एकाच वळणानें कापून व जोडून सांचा करितात. त्यानंतर लांकडाच्या अरुंद पट्ट्या शेजारीं शेजारीं चिकटवून फळीचा गाभा तयार होतो. तो पायाखालीं १० ते १२ मिलिमीटर जाड ठेवून टोंकांकडे २ मिलिमीटरपर्यंत रंधून उतरवितात. पुढें सांच्यावर थर रचावयाचे : सर्वांत खालीं पॉलिएथिलीनचा गुळगुळीत तळ व त्याच्या कडेनें पोलादी पट्टी, त्यावर एपॉक्सींत भिजविलेलें कांचतंतूंचें कापड, मग गाभा, पुनः तसेंच कापड, आणि शेवटीं वरचें आवरण. ह्या सर्वांवर सारखा दाब पाहिजे. त्यासाठीं कित्येकजण दोन भक्कम तुळयांमध्यें आगीच्या बंबाची कापडी नळी ठेवून तींत हवा भरितात. नळी फुगते व फळी सांच्यावर दाबली जाते. एपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर कडा कापावयाच्या, पोलाद कानशीनें घासावयाचें आणि तळास मेण द्यावयाचें.

गाभ्याचें लांकूड हलकें, लवचिक व सरळ रेषांचें असावें लागतें. पाश्चात्य देशांत ॲश, मेपल, पॉपलर हीं लांकडें वापरितात. भवानी पेठेंतील लांकूडबाजारांत मानाचें स्थान सागाचें. पण साग तेलकट असल्यामुळें गोंद त्यास सहज धरीत नाहीं. उलट बांबू हलका, चिवट व स्वस्त असून परदेशांतही कित्येक फळ्यांच्या गाभ्यांत तो घालतात. दारापुढें उंच मखरांत बसविलेली वस्तु प्रत्येक कामास योग्य असतेच असें नाहीं.

ही विद्या मोठ्या कारखान्यांतच वाढली, असें कोणी समजूं नये. १९६५ सालच्या नाताळांत अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत शर्मन पॉपेन ह्या गृहस्थानें आपल्या मुलींसाठीं दोन स्की एकत्र जोडल्या, आणि त्यांतून ‘स्नर्फर’ नांवाचा खेळ निघाला. १९७७ सालीं जेक बर्टन कार्पेंटर ह्या तरुणानें व्हरमाँटमध्यें फळ्या करावयास आरंभ केला. मनासारखी फळी हातीं येईपर्यंत त्यानें सुमारें शंभर नमुने घडविले. १९९८ च्या नागानो येथील ऑलिंपिकांत स्नोबोर्डास प्रवेश मिळाला. त्याच ऑलिंपिकांत आपल्या देशाचा शिव केशवन ल्यूज ह्या घसरगाडीच्या खेळांत उतरला होता. बर्फाची धाव नसल्यामुळें मनालीजवळच्या रस्त्यांवर, आपल्या गाडीस चाकें लावून, तो सराव करीत असे.

ह्या सर्वांवरून आम्हांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. फळीचें बळ तिच्या सांध्यांत असतें, आणि सांधा वरून दिसत नाहीं. गोंद एके ठिकाणीं कमी पडला, धूळ पुसावयाची राहिली, शिकंजा घाईनें सोडला, तरी वरच्या रंगीत आवरणाखालीं तें सारें झांकलें जातें. परीक्षकास तें दिसणार नाहीं; प्रदर्शनांत बक्षीसही मिळेल. परंतु उंच उतारावर वेगानें जातांना तोच सांधा उकलला, तर हाड मोडतें, आणि तें बहुधा करणाऱ्याचें नसून फळी विश्वासानें वापरणाऱ्याचें असतें. सुतारकामाच्या तासास गौण मानणाऱ्या मित्रांनीं ह्याचा विचार करावा. न दिसणारें काम नीट करण्याची संवय ओट्यावर जितकी लवकर लागते, तितकी पाठांतरानें लागत नाहीं.

प्रयोग करणाऱ्यांस दोन सूचना. कामट्यांचा प्रयोग घरीं करण्यास हरकत नाहीं. मात्र बांबूची कूस लागूं नये म्हणून कडा कानशीनें मोडून घ्याव्या. एपॉक्सी व कांचतंतु ह्यांचें काम शिक्षकांच्या देखरेखीवांचून करूं नये. एपॉक्सीनें अंगास खाज व चट्टे येतात, आणि तंतूंची धूळ छातींत जाते. म्हणून हातमोजे, तोंडावर मुखवटा व मोकळी हवा हीं अवश्य पाहिजेत. ज्यांचा वांक बरोबर एक-नवमांश येणार नाहीं, त्यांनीं निराश न होतां कामट्या उकलून पाहाव्या. गोंद कोठें पोंचला नाहीं, तें तेथें स्पष्ट दिसेल.