पोटनिवडणूक : रिक्त जागा आणि सहा महिन्यांची मर्यादा

विधानसभेचा एखादा सदस्य पदावर असताना दिवंगत झाला म्हणजे सभागृह त्याला श्रद्धांजली वाहते. मतदारसंघापुरता प्रश्न मात्र तेथे संपत नाही. तेथील पाणीपुरवठ्याचे, रस्त्यांचे, शाळांचे प्रश्न सभागृहात मांडणारा हक्काचा प्रतिनिधी उरलेला नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी कायद्याने केलेली व्यवस्था म्हणजे पोटनिवडणूक होय.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५० अन्वये निवडणूक आयोग राजपत्रात अधिसूचना काढून संबंधित मतदारसंघास नवा सदस्य निवडण्यास सांगतो. ही निवडणूक किती काळात व्हावी, याचे बंधन पूर्वी नव्हते. १९९६ मध्ये कलम १५१-क समाविष्ट झाले आणि जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेणे आवश्यक ठरले. निवडून आलेला सदस्य मात्र विधानसभेच्या उर्वरित मुदतीपुरताच पदावर राहतो.

मुंबईतील अंधेरी पूर्व मतदारसंघाचे आमदार रमेश लटके यांचे मे २०२२ मध्ये निधन झाले. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले असताना, तेथे मतदान झाले व श्रीमती ऋतुजा लटके विजयी झाल्या. प्रमुख प्रतिस्पर्ध्याने आधीच माघार घेतली होती. एकतृतीयांशाहूनही कमी मतदारांनी मतदान केले आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायास १२,८०६ मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला.

या नियमास दोन अपवाद आहेत. सदस्याची उर्वरित मुदत एक वर्षाहून कमी असेल, अथवा मुदतीत निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्र शासनाशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तर हे बंधन लागू होत नाही. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचे नोव्हेंबर २०२३ मध्ये निधन झाले. तेथील पोटनिवडणूक जाहीरही झाली. परंतु नव्या सदस्यास वर्षभराचाही कालावधी मिळणार नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ती रद्द ठरविली. नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत ती जागा रिक्तच राहिली.

अल्प मुदतीसाठी निवडणुकीचा खर्च करावा काय, हा विचार रास्त आहे. परंतु वर्षभर प्रतिनिधीविना राहणाऱ्या मतदारसंघाचे नुकसान पैशात मोजता येत नाही. म्हणूनच पोटनिवडणुकीस दुय्यम न मानता प्रत्येक मतदाराने आपला हक्क बजावणे अगत्याचे आहे.