फोटो काढायला शिकायचंय? घराजवळची एक जागा धरा

फोटोग्राफी शिकायला लडाखला जावं लागत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही राहत असाल तर चालत जाता येईल अशी एक जागा ठरवा. भाजी मंडई, रिक्षा स्टँड, मेट्रोच्या पुलाखालचा रस्ता, काहीही चालेल. महिनाभर शक्यतो तिथेच, पण वेगवेगळ्या वेळी जायचं. कॅमेरा नसेल तर मोबाइलचा ‘प्रो’ मोड पुरतो.

पहिला आठवडा शटर स्पीडचा. समजा, अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या फुटपाथवर उभे आहात. शटर १/१००० सेकंद ठेवून समोरून जाणारी रिक्षा टिपा. ती जागच्या जागी उभी असल्यासारखी येईल. आता १/३० वर या. पाय रोवा, कोपरं अंगाशी घट्ट धरा, रिक्षा लांब असतानाच तिला फ्रेममध्ये घ्या आणि तिच्याबरोबर कमरेतून वळत राहा. वळणं न थांबवता बटण दाबा. जमलं तर रिक्षा स्पष्ट येते आणि मागची दुकानं रेघांसारखी ओढली जातात. बरेच फोटो हुकतील, तरी सराव सोडू नका. वेग दाखवायचा की थांबवायचा, ही निवड इथेच कळते. भर उन्हात १/३० ला फोटो पांढरा पडतो, म्हणून आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) १०० ठेवा आणि संध्याकाळी जा.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, बहुतेक मोबाइलमध्ये बदलता येत नाही. कॅमेरा असेल तर मेथीची एकच जुडी एफ २ ला आणि एफ ११ ला टिपून मागची गर्दी पाहा.

आयएसओसाठी एक सकाळ कान्हेरी लेण्यांना द्या. लेणी राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि सोमवारी उद्यान बंद असतं. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात दारातून आत येणारा उजेड स्तूपाकडे जाताना कसा मंदावतो ते आधी नुसतं पाहा. मग एकच खांब आयएसओ ४०० आणि ३२०० ला टिपून घरी मोठ्या स्क्रीनवर दाणे ताडून पाहा.

आता खरं काम, फोटोत काय दाखवायचं ते आधी ठरवण्याचं. छायाचित्रकार नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. फोटो मुंबईतल्या आरे वसाहतीतला, वारली वस्तीच्या गल्लीतून रात्री जाणाऱ्या बिबट्याचा. त्यांनी फ्लॅशचा उजेड गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यांसारखा ठेवला आणि बिबट्याने फ्रेम व्यापू नये अशा बेताने कॅमेरा लावला. मनासारखा फोटो मिळायला चार महिने गेले. माझ्या मते त्यांची दृष्टी त्या कॅमेऱ्याच्या जागेत आहे. गल्ली माणसांची, बिबट्या तिथला एक वाटसरू, हे आधी ठरलं होतं. (तुम्ही मात्र रात्री बिबट्या शोधायला आरेत जाऊ नका.)

तुम्हीही बटण दाबण्याआधी मनात म्हणा, ‘हा फोटो कशाचा आहे?’ उत्तरात न बसणारं सगळं दोन पावलं पुढे जाऊन, वाकून, बाजूला सरून फ्रेमबाहेर काढा. महिनाअखेरीस निवडक फोटो छापून घ्या आणि जमिनीवर मांडा. हात, सावल्या, वाट पाहणारी माणसं, जे पुन्हा पुन्हा दिसेल तो तुमचा पुढच्या महिन्याचा विषय.

आणि माणसांचे फोटो त्यांना विचारूनच काढा. जमलेल्या फोटोची एक प्रिंट त्यांना नेऊन द्या.