आयनांचा आश्रय

मिठाच्या संपृक्त द्रावणांत आपण मद्यार्क ओतूं लागलों, कीं शुभ्र मीठ तळाशीं बसूं लागतें. असें कां व्हावें? मीठ म्हणजे विरुद्ध विद्युद्भारांचे सोडियम व क्लोराइड आयन. त्यांचें परस्परांविषयींचें आकर्षण, निर्वात स्थितीच्या मानानें, २५ अंश सेंटिग्रेडला पाणी सुमारें ७८ पटींनीं क्षीण करतें. शुद्ध मद्यार्क मात्र सुमारें २४ पटींनींच. द्रवांत शिरतांना आयनाची ऊर्जा किती घटते, याचें सूत्र माक्स बॉर्न यांनीं १९२० सालीं मांडलें. मद्यार्क वाढतो तसतशी ही घट कमी होते, आणि आयन पुन्हां स्फटिकांत एकत्र येतात. तेव्हां विरघळलेलें मीठ नष्ट झालें, असें आपण समजूं नये. तें पाण्याच्या आश्रयास असतें. आश्रय दुबळा झाला, कीं तें परत येतें.