ऊसबिलावरून शिकू या सरळ रेषेचा आलेख



बेणे, खोडवा, खते, पाणी या विषयांवर आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. सातवी-आठवीच्या मुलामुलींना सरळ रेषेचा आलेख कसा शिकवावा, हा तो विषय. शेतकी विभागाला गणिताशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण "भाव एवढा जाहीर झाला, मग हातात एवढेच का?" हा जो प्रश्न दर हंगामात येतो, त्याचे उत्तर या आलेखात आहे. घरातल्या आठवीच्या पोरीला तो काढता आला, तर बिल समजून घ्यायला दुसऱ्याच्या दारी जावे लागणार नाही.

बालभारतीच्या आठवीच्या गणितात समचलन येते आणि नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात. या दोहोंच्या मध्येच मूल अडखळते. त्रैराशिकाची सवय झाल्यामुळे "एक वाढले की दुसरे त्याच पटीत वाढते" असे ते सगळीकडे धरून चालते. ही गाठ सोडवणे हेच शिकवणाऱ्याचे मुख्य काम.

१) धानाची रेषा

सुरुवात आपल्या भंडाऱ्याच्या धानापासून करावी. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २३६९ रुपये होता. १ क्विंटलला २३६९, २ क्विंटलला ४७३८, १० क्विंटलला २३,६९० रुपये. आडव्या अक्षावर क्विंटल व उभ्या अक्षावर रुपये घेऊन बिंदू मांडले, की ते एका रेषेत बसतात. धान शून्य तर पैसेही शून्य, म्हणून रेषा आरंभबिंदूतून निघते. इथे त्रैराशिक चालते.

२) काट्याची रेषा

आता मुलांना काट्याची पावती दाखवावी. ट्रॅक्टरसह रिकाम्या ट्रॉलीचे वजन ४००० किलो धरू आणि उसाची एक मोळी १५ किलोची धरू.

मोळ्या ० : काट्यावर ४००० किलो
मोळ्या १०० : ५५०० किलो
मोळ्या २०० : ७००० किलो
मोळ्या ४०० : १०,००० किलो

बिंदू पुन्हा सरळ रेषेतच येतात. पण २०० च्या ४०० मोळ्या केल्या, म्हणजे मोळ्या दुप्पट झाल्या, तरी ७००० चे १४,००० झाले नाहीत. का नाही? कारण रेषा शून्यातून न निघता ४००० वरून निघाली. प्रत्येक सरळ रेषेला दोन गोष्टी विचाराव्यात : तू निघतेस कोठून, आणि पावलागणिक किती चढतेस? इथे निघणे ४०००, चढ १५. पुढे नववी-दहावीत जे समीकरण येते, त्यात हेच दोन आकडे असतात. पावतीवर भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करतात, म्हणजे रेषेचे निघणे काढून टाकतात आणि उरलेल्या निव्वळ वजनावर पैसे देतात.

३) भावाची रेषा

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये २००९ साली दुरुस्ती झाली आणि २००९-१० च्या हंगामापासून रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. उतारा ०.१ ने वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढ, आणि ०.१ ने घटला की तेवढीच घट. मात्र उतारा साडेनऊच्या खाली गेला तरी भाव ३२९.०५ रुपयांच्या खाली जात नाही.

उतारा ९.०० : ३२९.०५ रुपये
उतारा ९.५० : ३२९.०५ रुपये
उतारा ९.७५ : ३३७.७० रुपये
उतारा १०.२५ : ३५५.०० रुपये
उतारा १०.७५ : ३७२.३० रुपये
उतारा ११.२५ : ३८९.६० रुपये

आलेख कागदावर आडवा १ सेंमी म्हणजे ०.२५ उतारा आणि उभा १ सेंमी म्हणजे ५ रुपये असे प्रमाण घ्यावे. आडवा अक्ष ९ पासून व उभा ३२० पासून सुरू करावा आणि मधला भाग सोडला आहे हे कळण्यासाठी अक्षांवर नागमोडी खूण करावी. साडेनऊपर्यंत रेषा सपाट, नंतर एकसारखी तिरपी वर, असे चित्र येईल. अर्ध्या टक्क्याला दर वेळी १७ रुपये ३० पैसेच वाढतात, हे मुलांकडून मोजून घ्यावे. एकसारखा चढ म्हणजेच सरळ रेषा.

या चित्रात आपल्यासाठी मोठी शिकवण आहे. उतारा ९.०० वरून ९.४० झाला, तर एफआरपीत पैसाही वाढत नाही. साडेनऊ ओलांडले की मग ०.१ च्या प्रत्येक पावलाला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. कोल्हापूर-सांगलीच्या मानाने आपल्याकडचा उतारा कमी, म्हणून हा कोपरा आपण नीट पाहिला पाहिजे. शिवाय उतारा धरतात तो साऱ्या कारखान्याचा सरासरी, एकेकट्याचा नव्हे. कोवळा ऊस तोडला, वाढे-पाचट मोळीत आले किंवा तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, तर सर्वांची मिळून रेषेवरची जागा खाली सरकते.

४) हातात पडणाऱ्या पैशांची रेषा

एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होते. ती टनाला ८०० रुपये धरू. मग १०.२५ उताऱ्याला ३५५० मधून ८०० गेले, उरले २७५०. ११.२५ ला ३८९६ मधून ८०० गेले, उरले ३०९६. ही नवी रेषा पहिलीला समांतर, फक्त ८०० ने खाली. चढ तोच, निघणे वेगळे.

इथे कोणी २७५० वरून त्रैराशिक मांडले, तर ११.२५ ला सुमारे ३०१८ रुपये येतात. खरे येतात ३०९६. टनाला ७८ रुपयांची चूक, ४० टनांना तीन हजारांहून जास्त! आलेख काढणारे पोर ही चूक करणार नाही.

५) शिकवणाऱ्यांना सूचना

• आधी तक्ता, मग बिंदू, मग रेषा. सूत्र सर्वांत शेवटी.
• "दुप्पट केले तर दुप्पट होते का?" हा प्रश्न प्रत्येक आलेखाला विचारावा.
• रेषा कागदावर कितीही वाढवता येते, उसाचा उतारा तसा वाढत नाही. तिची हद्द सांगावी.
• सगळेच आलेख सरळ नसतात, हेही दाखवावे. युरियाची मात्रा वाढवत नेली, की टनेज आधी भराभर, मग हळू वाढते आणि पुढे वाढायचे थांबते. तिथे रेषा वाकते. दुप्पट युरियाने दुप्पट ऊस येत नाही, बरं का!

६) घरी सोडवा

(अ) २०२५-२६ च्या दराने १०.०५ उताऱ्याला क्विंटलचा भाव किती?
(आ) ८.८० उताऱ्याला किती?
(इ) तोडणी-वाहतूक टनाला १०० रुपयांनी वाढली. साडेनऊच्या वर असताना ती भरून निघण्यास उतारा किती वाढावा?
(ई) कायद्याप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत, पुढील विलंबाला सालीना १५ टक्के व्याज आहे. ७३,००० रुपयांचे बिल ४४ व्या दिवशी मिळाले, तर व्याज किती? आलेखही काढा.

उत्तरे : (अ) ३४८.०८ रुपये. (आ) ३२९.०५ रुपये. (इ) सुमारे ०.२९. (ई) दिवसाला ३० रुपयांप्रमाणे ३० दिवसांचे ९०० रुपये. आलेख १४ व्या दिवसापर्यंत सपाट, नंतर तिरपा.

आलेख कागद कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात मिळतो. पुढचे ऊसबिल हातात आले, की ते पेटीत ठेवण्याआधी एकदा मुलांपुढे ठेवावे, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी