जमीन पावसात बघा

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर मी पाहिला. पाण्याला पसरायला जागा उरली नाही की ते घरात शिरतं, हे त्या दिवशी पुरतं पटलं. पुढच्या मार्चमध्ये वाशिष्ठीच्या एका उपनदीकाठची बत्तीस गुंठे पाणथळ खाचरं विकत घेतली. एवढी जागा तरी भरावातून वाचेल, चढणीच्या माशांना अंडी घालायला मिळेल, ही इच्छा होती.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला. रात्री बॅटरी घेऊन गेले. खाचरांत पाणी होतं, मासा एकही नव्हता. वहाळ धरून खाली गेले, तेव्हा शेजारच्या रस्त्याच्या मोरीपाशी ते दिसले. पाइपाचं तोंड खालच्या पाण्यापासून हातभर उंच. मळ्ये उसळी घेत होते, सिमेंटच्या कडेवर आपटून पुन्हा डबक्यात पडत होते. पोटं गाबोळीने टच्च भरलेली. दोघेजण ते आयते पोत्यात भरत होते. त्यातले एक आजोबा म्हणाले, “ताई, घर तुम्ही घेतलंत, पण दार दुसऱ्याच्या जमिनीत राहिलं.”

ते खरंच होतं. पहिल्या पावसात मासे नदी सोडून वहाळांतून वर चढतात, कारण उथळ, संथ, गवताळ पाण्यात अंडी वाहून जात नाहीत आणि पिल्लांना खाणं व आडोसा मिळतो. पाणी ओसरताना पिल्लं त्याच वाटेने नदीत परततात. मी खाचरं पाहिली होती, वाट पाहिलीच नव्हती.

म्हणून सांगते, अशी जमीन घ्यायची तर व्यवहार उन्हाळ्यात करा, पण जागा आधी एका पावसाळ्यात बघा. पाणी कुठून येतं, किती दिवस थांबतं, कुठून जातं, हे वहाळाच्या तोंडापर्यंत चालत जाऊन पाहा. वाटेतल्या मोऱ्या, बंधारे, भराव कुणाच्या जमिनीत आहेत ते विचारा. गावातल्या मासे धरणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं.

मग कागद. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावरचे सगळे सहहिस्सेदार आणि ‘इतर हक्क’ नीट वाचा. कोकणात एका गुंठ्याला दहा नावं असतात. नदीचं पात्र सरकारचं असतं, म्हणून हद्दीची मोजणी करून घ्या. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपला तुकडा कुठे पडतो ते जलसंपदा विभागाच्या नकाशावर तपासा. आणि कायदा आपोआप राखण करील असं समजू नका. पाणथळ जमिनींच्या २०१७ च्या नियमांतून नदीपात्र आणि भातखाचरं वगळलेली आहेत.

सगळे पैसे खरेदीखतात घालवू नका. वाट मोकळी करायला काही मागे ठेवा. शेजाऱ्याची समजूत घालायला मला दोन वर्षं लागली. अखेर त्याच्या परवानगीने मोरीखाली दगडांची उतरती रास रचली, डबक्यातलं पाणी पाइपाच्या तोंडाला टेकलं.

त्या जूनमध्ये पुन्हा रात्री गेले. खाचरातलं गवत हलत होतं, आणि वारा पडलेला होता.