किचन ट्रॉलीचं ड्रॉइंग दरवेळी नव्याने काढताय? डायनॅमिक ब्लॉक शिकून घ्या

मागच्या व्हिडिओत आपण ऑटोकॅडमध्ये साधा ब्लॉक बनवला. आज त्याच्या पुढची पायरी बघूया. घरून ड्राफ्टिंगची कामं घेणारे आणि स्वतःचं किचन ट्रॉलीचं युनिट काढायच्या तयारीत असलेले, दोघांनीही हे नीट वाचा. इथे चुकलात तर नुकसान स्क्रीनवर नाही, प्लायवर होतं.

समजा तुमच्याकडे ६०० एमएमच्या बेस कॅबिनेटचा ब्लॉक आहे. पार्टी म्हणाली, ९०० चं हवं. बरेच जण काय करतात? ब्लॉकला १.५ चं स्केल देतात. रुंदी ९०० होते खरी, पण त्याचबरोबर १८ एमएमची साईडसुद्धा २७ एमएमची होते. आता सांगा, २७ एमएमची साईड तुमचा सुतार कुठून आणणार? त्या ड्रॉइंगवरून आतल्या फळीचं माप काढलंत, तर ९०० मधून दोन्ही साईड जाऊन ८६४ यायला हवेत तिथे ८४६ येतात. फळी कापली गेली की संपलं. १८ एमएम कुठून जोडणार?

यावर उपाय म्हणजे डायनॅमिक ब्लॉक. ऑटोकॅडच्या २००६ आवृत्तीपासून ही सोय आहे, तरी अनेकांनी ती कधी उघडूनही बघितलेली नसते.

ब्लॉकवर डबल क्लिक करून ब्लॉक एडिटर उघडा. कॅबिनेटचा डावा खालचा कोपरा हा बेस पॉइंट ठेवा. तिथून उजव्या टोकापर्यंत लिनिअर पॅरामीटर द्या आणि प्रॉपर्टीजमध्ये त्याचं नाव 'रुंदी' करा. ग्रिपची संख्या १ करा, म्हणजे ब्लॉक फक्त उजवीकडून ओढला जाईल. आता स्ट्रेच ॲक्शन घ्या. पॅरामीटर निवडा, त्याचं उजवं टोक निवडा आणि फ्रेम काढा. ही फ्रेमच महत्त्वाची. जी वस्तू फ्रेमच्या पूर्ण आत येते ती नुसती सरकते, आणि जिला फ्रेम मधूनच कापते ती ताणली जाते. म्हणून उजवी साईड अख्खी आत घ्या. तळाची आणि वरची फळी मात्र कापली गेली पाहिजे. डावी साईड बाहेरच राहू द्या. फ्रेम काढली म्हणजे वस्तू निवडल्या गेल्या असं नाही हं, त्यानंतर त्या वेगळ्या निवडाव्या लागतात. 'सर, ब्लॉक ताणलाच जात नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दोन शटरमधली मधली रेघ अर्धीच सरकायला हवी. तिला स्ट्रेचमध्ये घेऊ नका. त्याच पॅरामीटरवर वेगळी मूव्ह ॲक्शन द्या आणि डिस्टन्स मल्टिप्लायर ०.५ ठेवा. एक शटर, दोन शटर, तीन ड्रॉवर असे प्रकार व्हिजिबिलिटी पॅरामीटरने होतात. ते सोपं आहे, व्हिडिओ बघून जमेल.

आता धंद्याचा भाग. ब्लॉक कितीही ताणता येतो म्हणून तो मोकळा सोडू नका. पॅरामीटरच्या व्हॅल्यू सेटमध्ये 'लिस्ट' निवडून ३००, ४५०, ६००, ९०० एवढीच मापं भरा. पार्टी समोर बसलेली असताना ६३७ चं कॅबिनेट ओढून दाखवलंत, तर ते बनवून द्यावं लागतं आणि तुमचे दर त्या मापाला बसत नाहीत. भिंत २७५० ची असेल तर ९००, ९००, ६०० आणि ३०० मिळून २७०० होतात. उरलेल्या ५० एमएमसाठी फिलर पट्टीचा वेगळा ब्लॉक करा. तो हवा तसा ताणता येऊ द्या.

प्लॅनच्या ब्लॉकमध्ये खोलीला मात्र पॅरामीटर देऊच नका. प्लायची शीट २४४० बाय १२२० ची असते. ५६० खोलीच्या साईडचे दोन तुकडे १२२० मध्ये आरामात बसतात. खोली ६१० केलीत की दोन तुकड्यांचेच १२२० झाले, मग करवतीच्या पात्याला जागा कुठे उरली? दुसरा तुकडा कमी भरतो आणि प्रत्येक साईडमागे शीटचा मोठा भाग भंगारात जातो. कोटेशनमध्ये हा खर्च कोणीच धरलेला नसतो.

सेव्ह करण्याआधी टेस्ट ब्लॉक बटण दाबून चारही मापं ओढून बघा. डाव्या आणि उजव्या साईडची जाडी डायमेन्शन टाकून मोजा. १८ च आली पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, ब्लॉक एक्स्प्लोड केला की त्याच्या नुसत्या रेघा उरतात, ग्रिप जातात.

ब्लॉक सुधारला की त्या फाइलमधली सगळी कॅबिनेट बदलतात, पण जुन्या पार्ट्यांच्या फाइल तशाच राहतात. तेच बरं, कारण तिथलं काम जुन्या मापाने झालेलं असतं.

पुढच्या व्हिडिओत डेटा एक्स्ट्रॅक्शन घेऊ. याच 'रुंदी'वरून कोणत्या मापाची किती कॅबिनेट लागतील त्याची यादी थेट एक्सेलमध्ये काढायची आहे. तोपर्यंत बेस कॅबिनेटचा एक ब्लॉक तयार ठेवा.